साडेचार पौंड हवा



‘घर्षणबल हे स्पर्श करणाऱ्या पृष्ठभागांच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते.’ हा नियम मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि मुले तो वहीत उतरवून घेतात. गेल्या पावसाळ्यात मात्र अकरावीच्या एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर मला मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. ओल्या, शेवाळलेल्या दगडांवरून एक स्वार उभ्याउभ्याच मोटारसायकल चढवीत होता. पाय कोठेही टेकत नव्हता. “सर, या गाडीच्या मागच्या चाकात फक्त साडेचार पौंड हवा असते. हवा कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते म्हणतात. मग आपला नियम?”

त्या दिवशी मी “उद्या सांगतो” म्हणून वेळ मारून नेली. घरी जाऊन विचार केला तेव्हा लक्षात आले, की या एका प्रश्नात पदार्थविज्ञानाची दोन-तीन प्रकरणे दडलेली आहेत.

प्रथम हा खेळ समजून घेऊ. त्याला ‘ट्रायल्स’ म्हणतात. यात वेगाला महत्त्व नाही. दगडगोटे, ओढे, चिखल, उभ्या चढणी अशा ठिकाणी फिती लावून छोटे टप्पे आखलेले असतात. टप्पा पार करताना एकदा पाय टेकला तर १ दंडगुण, दोनदा टेकला तर २, तीन वा अधिक वेळा टेकला तर ३. गाडी कोसळली किंवा हद्दीबाहेर गेली तर ५. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो विजयी. स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यम गावी मे महिन्यात भरणारी सहा दिवसांची स्पर्धा या खेळात फार मानाची समजली जाते. तिची परंपरा १९०९ पर्यंत मागे जाते. जवळच्या किन्‌लॉखलेव्हन गावी अॅल्युमिनियमच्या कारखान्यासाठी डोंगरातून पाण्याचे मोठे नळ उतरवले होते. त्या नळांच्या कडेची ‘पाइपलाइन’ ही सुट्या दगडांची चढण स्वारांची कसोटी पाहते. अशा जागी चाक एकदा घसरले की पाय टेकलाच म्हणून समजा.

आता थोडे गणित करू. गॅरेजमध्ये आपण ‘तीस पौंड हवा’ म्हणतो, तेव्हा दर चौरस इंचावर ३० पौंड दाब असा अर्थ असतो. साडेचार पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३ न्यूटन, आणि तीस पौंड म्हणजे सुमारे २१ न्यूटन. ट्रायल्सची गाडी सुमारे ७० किलोग्रॅमची असते. स्वारही तेवढाच धरू. एकूण वजन सुमारे १४०० न्यूटन झाले. त्यातले निम्मे, म्हणजे ७०० न्यूटन, मागच्या चाकावर येते असे मानू. हे वजन मुख्यतः आतल्या हवेच्या दाबाने पेलायचे आहे. म्हणून,

स्पर्शक्षेत्र = वजन ÷ दाब

तीस पौंडांना हे क्षेत्र ७०० ÷ २१, म्हणजे सुमारे ३३ चौरस सेंटिमीटर येते. साडेचार पौंडांना ७०० ÷ ३, म्हणजे सुमारे २३३. पहिले तळहाताहून लहान, दुसरे पसरलेल्या पंजाहून मोठे! प्रत्यक्षात टायरच्या भिंतीही थोडा भार पेलतात, त्यामुळे खरे क्षेत्र यापेक्षा कमी भरते. पण फरक किती मोठा आहे, हे ध्यानात यायला एवढे पुरे.

पण क्षेत्र वाढले तरी नियमाप्रमाणे घर्षण वाढू नये. येथेच खरी गंमत आहे. आपला नियम टणक, कोरड्या आणि सपाट पृष्ठभागांसाठी आहे. लाकडी ठोकळा आडवा ठेवा की उभा, घर्षणबल जवळजवळ सारखेच येते. रबर मात्र टणक नाही. ते खडकाच्या बारीकसारीक खाचांत शिरते. दाब जसजसा वाढतो, तसतसा रबराचा घर्षणांक कमी होतो. म्हणून तेच वजन मोठ्या क्षेत्रावर पसरले की पकड सुधारते. दुसरे असे, की मऊ टायर दगडाच्या कंगोऱ्याला मिठी मारतो. दगड टायरमध्ये रुततो आणि घसरण्यासाठी टायरला त्या उंचवट्यावरून चढून जावे लागते. तिसरे, चिखलात मातीच तुटून सरकते. दाब कमी असेल तर चाक कमी रुतते आणि मातीचा अधिक मोठा भाग जोर सहन करतो. लोखंडी धावेची बैलगाडी काळ्या मातीत फसते आणि टायरची गाडी निघून जाते, त्याचेही एक कारण हेच. शेवटचे कारण म्हणजे, टणक टायर दगडावरून चेंडूसारखा उसळतो. चाक हवेत असले की लंबबल शून्य, आणि मग घर्षणही शून्य! मऊ टायर जमीन सोडत नाही.

मग दोनच पौंड हवा का ठेवू नये? कारण दुसऱ्या बाजूलाही मर्यादा आहे. दगडाच्या धारेवर आदळताना टायर पूर्ण दबला तर धार थेट धातूच्या रिमवर बसते. रिम वाकते, टायर फाटतो. तिरप्या उतारावर फार मऊ टायर आडवा कलंडतो आणि गाडी डुलते. ट्यूब असलेल्या चाकात टायर रिमवर घसरून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटण्याची भीती असते. म्हणून तेथे टायर रिमला घट्ट दाबून धरणारा बोल्ट बसवतात. पुढचे चाक अरुंद असते, पायरीवर तेच आधी आदळते आणि गाडी वळवण्याचे कामही तेच करते. म्हणून मागे ४ ते ५ पौंड, तर पुढे ६ ते ७ पौंड हवा ठेवतात. ओले खडक आणि चिखल असेल तर थोडी कमी, धारदार दगड किंवा वजनदार स्वार असेल तर थोडी अधिक.

आता एक प्रश्न. स्वाराने २० अंश सेल्सिअस तापमानाच्या उबदार खोलीत साडेचार पौंड हवा मोजून भरली आणि गाडी ५ अंशांच्या थंडीत बाहेर आणली. दाब किती राहील?

घाईने उत्तर देऊ नका. दाबमापक वातावरणापेक्षा जास्त असलेला दाबच दाखवतो. वायूच्या नियमात मात्र निरपेक्ष दाब घ्यायचा. वातावरणाचा दाब १४.७ पौंड, म्हणून निरपेक्ष दाब १९.२ पौंड. तापमानही केल्व्हिनमध्ये हवे: २९३ आणि २७८. टायरचे आकारमान बदलत नाही असे धरले तर १९.२ × २७८ ÷ २९३ = १८.२. त्यातून १४.७ वजा करा. मापकावर उरले फक्त साडेतीन! जवळजवळ पाव हिस्सा गेला. हाच हिशेब तीस पौंडांच्या टायरसाठी केला तर दाब पावणेअठ्ठावीसच्या आसपास येतो, म्हणजे घट आठ टक्क्यांहून कमी. आता उलट गंमत पाहा: ३०० मीटर डोंगर चढले की बाहेरचा दाब सुमारे अर्ध्या पौंडाने घटतो आणि मापकावरचा आकडा तेवढाच वाढतो. म्हणून जाणते स्वार कमी दाबाचा खास मापक खिशात बाळगतात आणि हवा टप्प्यापाशीच तपासतात.

दुसऱ्या दिवशी हे सारे सांगितल्यावर त्या विद्यार्थ्याने विचारले, “मग पावसात घाटातून येताना मीही हवा कमी करू का?” मित्रहो, याचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. ट्रायल्सची गाडी टप्प्यात माणसाच्या चालीने जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला आठ-नऊ फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात मऊ टायर दुमडतो, तापतो आणि अखेर फुटू शकतो. शिवाय साचलेल्या पाण्यावर कमी हवेचा टायर कमी वेगालाच तरंगू लागतो, म्हणजे पकड वाढण्याऐवजी नाहीशी होते. रस्त्यावर गाडीच्या कंपनीने सांगितलेलाच दाब ठेवावा.

करून पाहा : सायकलचे मागचे चाक ओले करून कोऱ्या कागदावर टेकवा आणि मित्राला बसवा. उमटलेल्या ओल्या ठशाभोवती लगेच पेन्सिलीने रेघ मारा. ठसा आलेख कागदावर उतरवून क्षेत्रफळ मोजा. दाब मोजून दोहोंचा गुणाकार करा आणि तो चाकावरील भाराशी ताडून पाहा. हवा थोडी कमी करून पुन्हा मोजा. आकडे नेमके जुळणार नाहीत. का जुळले नाहीत, हे वहीत अवश्य लिहा.

यंदा मीही फळ्यावर नियमाखाली आणखी एक ओळ लिहिणार आहे: ‘हा नियम कोठे लागू पडत नाही?’