कुठे खेळायचं? मी ठरवणार!

आयपीएलच्या लिलावात प्लेअर कुठल्या टीमकडून खेळणार, हे बोली ठरवते. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये मात्र सहा वर्षं खेळून झाली आणि करार संपला, की प्लेअर ‘फ्री एजंट’ होतो. मग टीम्सच त्याच्या दारात! हुआन सोटोचंच बघा ना. २०२२ मध्ये त्यानं वॉशिंग्टन नॅशनल्सची ४४ कोटी डॉलरची ऑफर नाकारली. २०२४ च्या डिसेंबरमध्ये फ्री एजंट म्हणून न्यूयॉर्क मेट्सशी १५ वर्षांचा करार केला, तब्बल ७६.५ कोटी डॉलरचा!

पण हा हक्क फुकटात मिळालेला नाही. पूर्वी करार संपला तरी प्लेअर त्याच टीमशी बांधलेला असायचा. १९६९ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सनं कर्ट फ्लडला परस्पर फिलाडेल्फियाच्या टीमला देऊन टाकलं. तो तिकडे गेलाच नाही, थेट कोर्टात गेला. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात हरला, तोवर करिअरही संपलं होतं. पुढे १९७५ मध्ये लवादानं दोन पिचर्सच्या बाजूनं निकाल दिला आणि ती बेडी तुटली.

त्यामुळे पुढचा स्टार कुठे जाणार, याची चर्चा रंगेल तेव्हा फ्लडही आठवायला हवा. हक्क मागितला त्यानं, वापरतायत बाकीचे.