एका संगणकात दोन संगणक : सामायिक फोल्डर जपून वापरा

आमच्या कापडाच्या पेढीचा जुना हिशेबाचा प्रोग्राम विंडोज एक्सपीवरच चालतो. मायक्रोसॉफ्टने २०१४ साली एक्सपीच्या दुरुस्त्या पुरवणे बंद केले. म्हणून आम्ही नव्या संगणकात व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात एक्सपीचा आभासी संगणक बसवला. बाहेरचा तो यजमान, आतला तो पाहुणा. दोघांच्या फायली स्वतंत्र असतात. मग आतली बिले बाहेर कशी आणावीत?

त्यासाठी पाहुण्यात ‘गेस्ट अ‍ॅडिशन्स’ बसवावे लागते. नंतर यजमानाचा एखादा फोल्डर सेटिंगमध्ये ‘शेअर्ड फोल्डर’ म्हणून नेमला की तो आतही दिसू लागतो.

परंतु व्यापारी व कारागीर बंधूंनी ध्यानात ठेवावे की ही नक्कल नव्हे, वही एकच आहे. आत खोडले की बाहेरचेही गेले. आत विषाणू शिरला तर तो याच फोल्डरमधील फायली बिघडवू शकतो. म्हणून संपूर्ण डिस्क खुली करू नये. बिलांपुरता एकच फोल्डर द्यावा. ज्या फायली आत केवळ वाचायच्या, त्यांचा फोल्डर वेगळा ठेवून त्यावर ‘रीड-ओन्ली’ची खूण करावी. एक्सपीला इंटरनेट देऊ नये. दुकान बंद करताना पेनड्राइव्हवर प्रत घ्यावी आणि तो काढून कपाटात ठेवावा.