ऑपरेशन करण्याआधी

दुसरं बाळ झालं की घरात विषय निघतो: 'आता ऑपरेशन करून टाक.' राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या विवाहित महिलांपैकी सुमारे 38 टक्के स्त्री-नसबंदीवर अवलंबून होत्या. पुरुष नसबंदीचं प्रमाण होतं 0.3 टक्के. ही तफावत मला अन्यायाची वाटते.

बाईच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावं लागतं, छोट्या छेदातून किंवा दुर्बिणीतून. बीजनलिका बंद होतात. बीजांडं मात्र काम करत राहतात, त्यामुळे पाळी येतच राहते. क्वचित गर्भ राहतो आणि तो नलिकेतच रुजला तर जिवावर बेततं. म्हणून नंतर कधीही पाळी चुकली तर लगेच तपासणी करा. नलिका पुन्हा जोडता येतात, पण मूल होण्याची खात्री नसते. मनात थोडीही शंका असेल तर तांबी बसवा: 380-ए प्रकारची 10 वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते.

पुरुषाची नसबंदी पोट न उघडता, बिनटाक्याची होते. तिचा परिणाम यायला साधारण 3 महिने लागतात. तोवर निरोध वापरायचा, मग वीर्यतपासणी करायची.

आणि हो, सरकारी नियमांनुसार बाईच्या शस्त्रक्रियेला नवऱ्याची संमती लागत नाही. सही तिची एकटीची पुरते.