सरहद्दीवरचा नफा (लेखांक चौथा)

रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ साली मांडलेल्या सिद्धांताचा मागील लेखांकात परामर्श घेताना आपण पाहिले की, समाज ज्या वैभवाची ओढ सर्वांना सारखीच लावतो, त्याकडे नेणारे सनदशीर मार्ग मात्र थोड्यांनाच खुले ठेवतो, आणि या विसंगतीतून गुन्हा उद्भवतो. गुन्हेगारीशास्त्रज्ञ निकोस पासास यांनी हा विचार राष्ट्राच्या वेशीबाहेर नेला. दोन देशांतील कायदे, किमती व राहणीमान यांतील तफावत ही त्यांच्या मते आंतरराष्ट्रीय गुन्हेगारीची जननी होय. जागतिकीकरणाने ती मिटत तर नाहीच, उलट तिचा लाभ उठवणे सुलभ होते.

हे प्रतिपादन कसाला लावायचे तर सोन्याचेच उदाहरण घ्यावे. १९६३ च्या जानेवारीत, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्णनियंत्रणाचे नियम अमलात आले व १९६८ साली त्यांचा कायदा झाला. परंतु लग्नात मुलीच्या अंगावर घालावयाच्या सोन्याची निकड सरकारी हुकुमाने कमी होत नसल्यामुळे, दुबईत राजरोस उतरलेले सोने अरबी समुद्र ओलांडताच चोरटे ठरत असूनही येतच राहिले. दहा तोळ्यांचे तेच बिस्कीट, तोच कस. दुबईच्या धक्क्यावर ते विकणारा प्रतिष्ठित व्यापारी, कोकणच्या खाडीत उतरवून घेणारा गुन्हेगार. आपल्या हिंदी चित्रपटांनी तस्कराचा एकतर राक्षस केला किंवा दैवत. त्याचा जमाखर्च तपासण्याची तसदी कोणी घेतली नाही.

१९९० साली तो कायदा रद्द झाला, १९९२ पासून परदेशस्थ भारतीयांना जकात भरून सोने आणण्याची मुभा मिळाली, आणि या धंद्यातील नफा झपाट्याने आटला. उदारीकरणाचे भाट आपली कथा येथेच संपवतात. परंतु खाड्यांची माहिती, होडीवाल्यांची साखळी, कागदावर न येता पैसा पोचवणारा हवाला आणि कानाडोळा करण्यास सरावलेले काही अंमलदार, हे सारे जागच्या जागी होते. याच वाटेने १९९३ च्या आरंभी रायगड जिल्ह्यात दिघी व शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरली. १२ मार्चला मुंबईतील साखळी बॉम्बस्फोटांत २५७ माणसे प्राणास मुकली. आणि या प्रकरणी सीमाशुल्क खात्यातील काही अधिकाऱ्यांनाही पुढे न्यायालयाने दोषी ठरवले. गुन्हेगारी टोळ्या स्वभूमीत मुळे राखून जगभर परस्परांशी जाळे विणतात, असे समाजशास्त्रज्ञ मॅन्युएल कास्टेल्स यांनी या शतकाच्या उंबरठ्यावर लिहिले. रायगडच्या किनाऱ्याला त्याचा प्रत्यय आधीच आला होता.

२०१२-१३ मध्ये सोन्यावरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांवर नेले गेले, तेव्हा विमानतळांवरून तस्करी पुन्हा फोफावली. दरम्यान पंधरा टक्क्यांवर पोचलेले तेच शुल्क जुलै २०२४ मध्ये सहा टक्क्यांवर आणण्यात आले. चोरट्या सोन्याचा नफा मोडण्यास याहून परिणामकारक हत्यार पोलीसखात्यापाशी नाही. मात्र माणसांच्या विक्रीला हा उपाय लागू पडत नाही, कारण तेथे कमी करण्याजोगी जकातच नसते. त्या व्यापाराचा विचार पुढील लेखांकात करू.