कानामागचे यंत्र आणि घरातली बोली

गेल्या उन्हाळ्यात एका कामानिमित्त आमचे डहाणू तालुक्यातील कैनाडला जाणे झाले. ज्या घरी उतरलो, तिथे अंगणात साडेतीन वर्षांची एक मुलगी खेळत होती. तिच्या कानामागे छोटे यंत्र होते आणि त्याच्या वायरीची गोल चकती डोक्याला चिकटलेली होती. आजी म्हणाली, "भाऊ, एवढं मोठं ऑपरेशन झालं. मशीन सुरू करून तीन महिने झाले, पण पोर अजून 'आई' म्हणत नाही. मशीन खोटं तर नाही ना?"

आजीचा प्रश्न अनेक घरांतला आहे. म्हणून हे यंत्र काय करते, ते आधी समजून घेऊ.

आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात सुमारे 15 हजार बारीक केसपेशी असतात. आवाज मेंदूकडे धाडण्याचे काम त्यांच्या जोरावर चालते. त्या निकामी असतील तर साधे श्रवणयंत्र आवाज कितीही मोठा करो, उपयोग होत नाही. अशा वेळी कॉक्लिअर इम्प्लांट बसवतात. कानामागचा माईक आवाज पकडतो. तिथलाच प्रोसेसर त्या आवाजाची जाड ते बारीक अशी वाटणी करतो आणि प्रत्येक वाट्यात किती जोर आहे ते क्षणोक्षणी मोजतो. हा हिशेब चकतीतून कातडीखालच्या यंत्राकडे जातो. तिथून शंखात सोडलेल्या तारेवरची 12 ते 22 टोके थेट नसेला सौम्य वीज देतात. 'स', 'श' हे बारीक आवाज शंखाच्या तोंडाजवळ पोचतात, तर 'ऊ', 'म' हे जाड आवाज आत खोलवर.

ऑस्ट्रेलियात डॉ. ग्रॅहम क्लार्क यांनी 1978 साली अनेक टोकांचे असे यंत्र एका रुग्णाला बसवले. परंतु सगळी टोके एकदम चालली की शेजारशेजारची वीज एकमेकांत मिसळे आणि शब्द पुसट होत. अमेरिकेतील ब्लेक विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 साली टोकांना एकामागून एक, अतिशय वेगाने वीज देण्याची पद्धत मांडली. त्यानंतर ओठ न पाहताही बोलणे समजणाऱ्यांची संख्या खूप वाढली.

तरीही 15 हजारांचे काम 12 ते 22 टोके करतात, हे विसरता कामा नये. शांत खोलीत शब्द कळतात, पण गोंगाटात अडचण होते. आवाजाचे चढउतारही नीट पोचत नाहीत. त्यामुळे "जेवलीस." आणि "जेवलीस?" यांतला फरक कळणे अवघड जाते. म्हणून घरच्यांनी टीव्ही बंद करावा, जवळ यावे आणि एका वेळी एकानेच बोलावे.

दुसरी गोष्ट म्हणजे मॅपिंग. प्रत्येक टोकाला कमीत कमी व जास्तीत जास्त किती वीज द्यायची, ते ऑडिओलॉजिस्ट ठरवतात. वीज कमी पडली तर शब्द पोचत नाही. जास्त झाली तर मूल यंत्र ओढून काढते आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. मॅपिंग वरचेवर करावे लागते. कैनाडहून डहाणू रोड, तिथून गाडीने मुंबई, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, हे आम्ही जाणतो. तरी ही फेरी चुकवू नये.

आजीला आम्ही एवढेच सांगितले, "आजी, पोरीचं वय साडेतीन वर्षं, पण तिच्या कानाचं वय तीन महिने. तीन महिन्यांचं बाळ 'आई' म्हणतं का?" आजी हसली. तिचा जीव थोडा भांड्यात पडला.

रोज सकाळी मुलाच्या मागे उभे राहून म, ऊ, आ, ई, श, स हे सहा आवाज काढावेत. काल ऐकू आलेला आवाज आज आला नाही, तर बॅटरी व वायर तपासावी, तरीही फरक नसेल तर दवाखाना गाठावा. पावसाळ्यात यंत्राला ओल लागू देऊ नये. आंघोळ व झोप सोडली तर ते दिवसभर कानावर असावे. आणि घरात जी बोली बोलता तीच मुलाशी बोला, मग ती वारली असो की मराठी. भाकरी थापताना, पाणी भरताना, सतत बोला.

मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. अंगणवाडीत येणाऱ्या त्याच्या पथकाला मुलाचे कान जरूर दाखवा. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून गरीब घरच्या मुलांना हे इम्प्लांट मिळते. वांद्रे येथील अली यावर जंग संस्थेत त्याची चौकशी करता येते. मात्र जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी त्यात 5 वर्षांची वयोमर्यादा आहे. भाषा शिकण्याचा मेंदूचा काळ लहानपणीच असतो, तो गेला की यंत्राचा लाभ फार कमी होतो.

बंधू-भगिनींनो, वर्षाचे मूल हाकेला वळत नसेल, पाठीमागे ताट पडले तरी दचकत नसेल, तर "बापही उशिराच बोलला होता" म्हणत बसू नका. त्याच आठवड्यात त्याचे कान तपासून घ्या.