एक मेल सर्व्हर आणि अनेक डोमेन

नवी मुंबईत केवळ ‘सेक्टर 10’ एवढाच पत्ता लिहिलेले पत्र कोठे जाईल? सेक्टर 10 वाशीत आहे, नेरुळात आहे आणि खारघरातही आहे. प्रत्येक उपनगरात सेक्टरांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून झालेली असल्यामुळे उपनगराचे नाव जोडल्यावाचून त्या आकड्यास अर्थ प्राप्त होत नाही. एकाच मेल सर्व्हरवर अनेक डोमेन ठेवू पाहणाऱ्यास जी अडचण येते ती मुळात हीच होय.

इ. स. 2005 मध्ये ‘.इन’ या विभागातील नोंदणी सर्वांस खुली झाली आणि स्वतःचे डोमेन घेणे लहान संस्थांनाही सुलभ झाले. समजा, एका शिक्षणसंस्थेची दोन महाविद्यालये आहेत. एक वाशीस, दुसरे खारघरास. डोमेन दोन, सर्व्हर मात्र एकच. ‘प्राचार्य’ या नावाचा पत्ता दोन्ही ठिकाणी असावयाचाच.

टपाल त्या सर्व्हरपर्यंत आणणे हे काम सोपे आहे. क्रेग पार्ट्रिज यांनी 1986 मध्ये विशद केलेल्या एमएक्स नोंदीच्या पद्धतीने डोमेनचे नाव आणि टपाल स्वीकारणारे यंत्र यांची फारकत केली. दोन्ही डोमेनांच्या एमएक्स नोंदींत त्याच एका सर्व्हरचे नाव घातले की झाले. मात्र तेथे यंत्राचे नावच लिहावयाचे असते, आयपी क्रमांक नव्हे.

खरा प्रश्न दारात आलेल्या पत्राचा आहे. व्हीट्से व्हेनेमा यांचा पोस्टफिक्स हा प्रोग्रॅम उदाहरणादाखल घेऊ. त्यात ‘मायडेस्टिनेशन’ नावाची एक यादी असते. नवशिका व्यवस्थापक दोन्ही डोमेन तीत लिहून मोकळा होतो, आणि टपाल येऊ लागल्यामुळे त्यास सर्व ठीक वाटते. परंतु या यादीतील डोमेनांसाठी सर्व्हर ‘@’ या चिन्हापूर्वीचे नाव तेवढे पाहतो व यंत्रावरील त्या नावाच्या खातेदारास पत्र देतो. परिणामी खारघरच्या प्राचार्यांस आलेले गोपनीय पत्र वाशीच्या प्राचार्यांच्या पेटीत पडते. कोणतीही चूक नोंदली जात नाही. म्हणूनच हा दोष महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

यावर उपाय असा की, अशी डोमेन ‘व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स’ या निराळ्या यादीत ठेवावी. तेथे संपूर्ण पत्ता हीच ओळख मानली जाते. प्रत्येक पत्त्यास त्याची पेटी तक्त्यात नेमून दिलेली असते आणि खातेदारास यंत्रावर स्वतंत्र खाते लागत नाही. एकच डोमेन दोन्ही याद्यांत कदापि असू नये. तक्त्यात नसलेला पत्ता दारातच नाकारावा. कोणत्याही नावाचे पत्र स्वीकारणारी सर्वसंग्राहक पेटी काहींस सोयीची वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते ती कचरा साठविण्याची जागा आहे.

बाहेर जाणाऱ्या टपालासही हाच न्याय लागू आहे. खातेदाराने पूर्ण पत्ता देऊनच प्रवेश करावा, आणि वाशीच्या खातेदारास खारघरच्या नावाने पत्र धाडता येऊ नये, असा निर्बंध घालावा लागतो. तो आपोआप येत नाही. एसपीएफ नोंद, डीकेआयएम स्वाक्षरी व डीमार्क धोरण ही तिन्ही प्रत्येक डोमेनास वेगळी हवीत. आयपी क्रमांकावरून यंत्राचे नाव सांगणारी उलट नोंद मात्र सर्वांस मिळून एकच पुरते.

कधी कधी दोन डोमेन खरोखर एकाच संस्थेची असतात. 2014 पासून देवनागरीत ‘.भारत’ हा विभाग उपलब्ध आहे. त्यातील नाव घेणाऱ्या संस्थेचे रोमन आणि देवनागरी डोमेन एकाच पेटीकडे जावे हे इष्टच होय. तेथे नव्या पेट्या न करता देवनागरी पत्ता मूळ पत्त्याचे उपनाम म्हणून नोंदवावा. ‘@’ पूर्वीचे नावही देवनागरीत हवे असेल, तर टपालाच्या मार्गातील प्रत्येक सर्व्हरास 2012 मध्ये प्रमाणित झालेला एसएमटीपीयूटीएफ-8 हा विस्तार समजावा लागतो. पोस्टफिक्समध्ये ही सोय 2015 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून आहे. समोरच्या सर्व्हरवर ती नसल्यास पत्र परत येते.