चाकांवरच्या घराचं पाणी जातं कुठं?

आज आपण अमेरिकेतल्या एका वेगळ्याच घराची माहिती घेऊ. तिथं पुष्कळ माणसं बसएवढ्या गाडीत किंवा मोटारीमागे ओढायच्या डब्यात राहतात. या गाडीला म्हणतात आरव्ही. आत ओटा, पलंग, न्हाणी, संडास सगळं असतं. कुणी निवृत्तीनंतर हौसेनं फिरतं, तर कुणाला घरभाडं परवडत नाही म्हणून हेच बारमाही घर.

आमच्या मनात पहिला प्रश्न आला, तो तुमच्याही आला असेल. पाणी येतं कुठून, आणि जातं कुठं?

गाडीच्या पोटात सहसा तीन टाक्या असतात. एकीत चांगलं पाणी, दुसरीत ओट्याचं आणि न्हाणीचं सांडपाणी, तिसरीत संडासाचं. चांगल्या पाण्याची टाकी दीडशे लिटरची धरा. आपल्याकडे जल जीवन मिशनचं माप आहे माणशी रोज 55 लिटर. त्या हिशेबानं नवरा-बायकोला ही टाकी दीड दिवससुद्धा पुरायची नाही. म्हणून तिथं भांडी आधी कागदानं पुसून घेतात. अंग ओलं केलं की फवारा बंद, साबण लावून झाला की पुन्हा सुरू. टँकरची वाट बघितलेल्या बाईला हे शिकवायला नको!

ॲरिझोना राज्यात क्वार्टझसाइट नावाचं गाव आहे. तिथल्या वाळवंटात हिवाळ्यात अशा हजारो गाड्या येऊन उतरतात. जवळच्या ला पोसा या सरकारी तळावर फी भरून महिनोन्‌महिने राहता येतं, पण गाडीपाशी नळ नाही की वीज नाही. पाणी भरायला आणि टाक्या रिकाम्या करायला ठरलेल्या जागीच जावं लागतं.

याउलट भाड्याच्या तळांवर प्रत्येक गाडीच्या जागेशेजारी जोडण्या दिलेल्या असतात. वीज, पाणी आणि सांडपाण्याचा पाइप, तिन्ही असले तर त्याला ‘फुल हूकअप’ म्हणतात. अशा जागेचं भाडं सहसा जास्त.

वीज आली म्हणजे वाट्टेल तेवढी मिळाली, असं मात्र नाही. लहान जोडणी 30 अँपिअरची, तिथला दाब 120 व्होल्ट. दोन्हींचा गुणाकार 3600 वॅट. एसी, मायक्रोवेव्ह आणि पाणी तापवायची टाकी एकदम लावली की खटका पडलाच. हा गुणाकार आपल्या घरातही चालतो, फक्त आपल्याकडे व्होल्ट 230 धरायचे.

पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी, टाक्या धुवायची वेगळी. त्यांची अदलाबदल कधीच करायची नाही. नळाला जोर फार असला तर गाडीतले पाइप फुटू शकतात, म्हणून मध्ये दाब कमी करणारा छोटा भाग बसवतात. कडाक्याच्या थंडीत बाहेरची नळी गोठते. तेव्हा रात्री ती काढून ठेवायची आणि आतल्या टाकीवर भागवायचं.

खरी अक्कल लागते ती घाण पाणी सोडताना. सांडपाण्याचा पाइप जोडलेला असला तरी संडासाच्या टाकीची झडप बंदच ठेवायची. उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि मैला तळाशी थापून बसतो. टाकी बरीचशी भरल्यावर झडप उघडली, की लोंढ्यासरशी सगळं निघून जातं. त्यानंतर ओट्याची आणि न्हाणीची टाकी सोडायची, म्हणजे तिच्या साबणाच्या पाण्यानं नळीही धुऊन निघते. हा क्रम आम्हाला फार आवडला. रोज मोरी घासणाऱ्या कुणा बाईनंच तो काढला असावा!

गाडीत राहणाऱ्याला बाहेर जाणारं पाणी विसरता येत नाही, कारण टाकी भरली की न्हाणी आणि संडास बंद. आपल्याला ते विसरता येतं. दारात नळ आला, डोक्यावरचा हंडा उतरला, हे फार मोठं झालं. पण पाच माणसांच्या घरात रोज 275 लिटर पाणी आलं, तर त्यातलं बरंचसं मोरीतून बाहेरही पडणार. ते परसातल्या केळीला जातं, शोषखड्ड्यात जिरतं, की शेजारणीच्या दारात डबकं होऊन डास पाळतं? गटाच्या पुढच्या बैठकीआधी आपल्या आळीत एक फेरी मारा, आणि नळ किती नि शोषखड्डे किती, ते मोजून वहीत लिहून आणा.